फ्रँकेनस्टाइनचा प्राणी : पुस्तकातला चेहरा कसा जमवला
आमच्या एकांकिकेसाठी सगळ्यांना तोच चपट्या डोक्याचा, मानेत बोल्टवाला हवा होता, पण ते रूप १९३१च्या सिनेमाचं, जॅक पिअर्सच्या मेकअपचं. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत बोल्टबिल्ट काही नाहीच हो! तिथे पिवळी कातडी, तीही इतकी कमी की खालचे स्नायू न् रक्तवाहिन्या जेमतेम झाकतात, वर काळेभोर चमकदार केस, मोत्यासारखे दात, पाणचट डोळे, काळे ओठ.

नुसतं पिवळं फाउंडेशन थापलं की हळद लागलेला नवरदेव दिसायचा. मग आधी अल्कोहोलवाल्या निळ्या-जांभळ्या रंगाने शिरा काढल्या (तेलकट ग्रीसपेंटवर लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर, नीट धरत नाही), गालाची कातडी ताणून वर क्लिअर लिक्विड लॅटेक्सचा पातळ थर स्पंजने थोपटला, ड्रायरच्या थंड हवेवर वाळवला, थोडी पावडर आणि कातडी सोडली की झाल्या बारीक सुरकुत्या, शिवाय लॅटेक्स वाळून जरा पिवळसर होतं ते फुकटात. भुवयांना आधी व्हॅसलीन लावा नाहीतर केस उपटले जातील. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, डोळ्यांजवळ नकोच, आणि आदल्या दिवशी हातावर टेस्ट कराच. लाइटवाल्याला अंबर (पिवळसर-नारिंगी) लाइट कमी करायला सांगा, त्यात पिवळा रंग गायब होतो.