होगार्थच्या ‘टेट-आ-टेट’ची तैलरंगात प्रत कशी करावी

विल्यम होगार्थच्या ‘मॅरेज आ-ला-मोड’ या सहा चित्रांच्या मालिकेतलं हे दुसरं चित्र. साधारण 1743चं, सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत. पैसा आणि पदवी यांचा सौदा म्हणून लागलेलं लग्न, आणि एकाच खोलीत एकमेकांपासून तुटून बसलेले नवरा-बायको. बोधचित्र म्हटलं की लोक चेहऱ्यांवर आठवडे घालवतात. इथे गोष्ट चेहऱ्यांत कमी आणि जमिनीवर पडलेल्या सामानात जास्त आहे.

संदर्भ आधी तपासा. या मालिकेची 1745ची खोदचित्रं नेटवर जागोजागी सापडतात, पण ती मूळ चित्राच्या आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी आहेत. मूळ रंगीत चित्रात हिशेबाचे कागद घेऊन वैतागलेला कारभारी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला निघून चाललाय. तो उजवीकडे दिसला तर तुम्ही खोदचित्र बघताय. गॅलरीच्या संकेतस्थळावरचा मोठा फोटो घ्या. प्रिंट फक्त रेखांकनासाठी वापरा, रंग टॅबलेटवर ब्राइटनेस कमी करून बघा.

माप. मूळ चित्र 69.9 × 90.8 सेंमी, म्हणजे रुंदी उंचीच्या जवळजवळ 1.3 पट. दुकानात तयार मिळणारा 24 × 30 इंची कॅनव्हास या प्रमाणात बसत नाही; एक तर कारभारी कापला जातो, नाही तर छत वाढवावं लागतं. फ्रेमवाल्याकडून 20 × 26 इंचांचं स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट) करून घ्या, कोपऱ्यांत ताण वाढवायला ठोकायच्या पाचरींसह. (एवढा कॅनव्हास लोकलने आणता येतो. मूळ मापाचा असेल तर दुपारची गाडी धरा.)

संदर्भाची प्रिंट ए-3 कागदावर 10 × 13 इंचांची काढून एक-एक इंचाचे चौकोन आखा. कॅनव्हासवर दोन-दोन इंचांचे, म्हणजे दोन्हीकडे 130 चौकोन होतात. कॅनव्हासवर पेन्सिलच्या रेषा नकोत. ग्राफाइट पुढे पातळ रंगातून वर दिसू लागतं. स्ट्रेचरच्या कडेला टाचण्या ठोकून शिवणाचा दोरा ताणा आणि कोळशाने उतरवा. आधी खोली घ्या: कमान, खांब, मागचं दालन, शेकोटी. मग माणसं. कोळसा हलका झटकून रेषा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरने (मातकट तपकिरी रंग) पक्क्या करा, वाळल्यावर दोरे काढा.

थर. पहिला थर रॉ अंबर आणि टर्पेंटाइनचा. उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढा. या थरात आयव्हरी ब्लॅक घालू नका. ते फार हळू वाळतं, आणि वर लवकर वाळणारा थर बसला की भेगा पडतात. दुसऱ्या थरात टर्पेंटाइन दोन भाग, जवसाचं तेल एक भाग, तिसऱ्यात समसमान. टायटॅनियम व्हाइट थेट ट्यूबमधून लावलं तर कपडे ट्यूबलाइटखाली असल्यासारखे निळसर दिसतात. चिमूटभर यलो ओकर मिसळा.

छोट्या वस्तू. नवऱ्याच्या खिशातून कुत्रं एका बाईची टोपी हुंगत ओढतंय. ती टोपी त्याच्या बायकोची नाही, आणि सगळा प्रकार एवढ्यावरच कळतो. कुत्र्याचं नाक आणि टोपीची कड यांच्यामध्ये कडक रेघ आली की तो डाग होतो. कड ओली असतानाच कोरड्या ब्रशने एकदाच मोडा. नवऱ्याच्या मानेवरचा काळा ठिपका गुप्तरोगाची खूण समजतात. शून्य नंबरच्या ब्रशने एका टेकणीत द्या. मोठा झाला तर तीळ वाटतो, पुसट झाला तर सावली. मोडलेली तलवार, उलटी खुर्ची, शेकोटीवरचा नाक तुटलेला पुतळा, मागचा जांभया देणारा नोकर: सगळ्यांचं रेखांकन पहिल्याच दिवशी पूर्ण करा, रंग मात्र शेवटी. आधी रंगवलं तर ते चमकून पुढे येतं, आणि ते दुसऱ्या नजरेला सापडायला हवं. बिलांवर वाचता येतील अशी अक्षरं काढू नका, तुटक रेघा पुरतात.

पावसाळा. जूनपासून रंग वाळायला वेळ लागतो आणि कॅनव्हास सैल पडतो. लगेच पाचरी ठोकू नका. हिवाळ्यात तो पुन्हा ताणला जातो आणि कोपऱ्यांत तडे जातात. वाळेपर्यंत चित्र भिंतीला तोंड करून पण भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, नाही तर बुरशी धरते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकणं धोक्याचं, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.

व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने, कोरड्या दिवशीच. दमट हवेत ते धुरकट होतं.

समोर होगार्थची सही उतरवू नका. 1735चा खोदचित्रांच्या नकलांविरुद्धचा कायदा याच माणसाने पाठपुरावा करून आणवला होता. मागे ‘होगार्थच्या चित्रावरून प्रत’ असं लिहून स्वतःचं नाव आणि साल घाला.