कथेतलं पोर मोठं होतं कधी?

कथालेखनाच्या शिबिरांत आणि महाविद्यालयांच्या कथास्पर्धांत मराठवाड्यातल्या नव्या पोरापोरींच्या कथा मी सतत वाचतो. विषयांची इकडं वाण नाही. दुष्काळ, ऊसतोड, सुटलेली शाळा, पुण्याची वाट. तरी पुष्कळ कथांतलं बारा-चौदा वर्षांचं पात्र शेवटच्या पानावरही पहिल्या पानावर होतं तसंच राहतं. सोसतं भरपूर, बदलत मात्र नाही. सगळं संकट बाहेरून येतं आणि त्याच्या आत काही भांडतच नाही.

केजकडच्या एका विद्यार्थ्याची कथा सांगतो. नववीतली मुलगी. दसरा झालाय, मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, खर्च झालीय, आई-बाप ऊसतोडीच्या फडावर निघालेत. तिला शाळेसाठी आजीजवळ राहायचंय. पहिल्या खर्ड्यात बाप आडमुठा, मुलगी गरीब गाय, आणि शेवटी गुरुजी येऊन बापाची समजूत काढतात. मुलीला काही ठरवावंच लागत नाही. मी त्याला म्हटलं, बापाला खलनायक करू नकोस, हिशेब मांड. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी धरतात. कडेवर दीड वर्षाचं लेकरू असलं की आईचे हात अडकतात, मोळ्या कमी भरतात, उचल फिटत नाही. म्हणून लेकरू सांभाळायला मुलगी सोबत हवी. हे त्या मुलीला कळतं. तिला शाळाही सोडवत नाही आणि आईची ओढाताणही बघवत नाही. दोन्ही बाजू खऱ्या झाल्या, आणि कथा हलली.

दुसऱ्या खर्ड्यात ‘तिच्या मनात द्वंद्व सुरू होतं’ असं वाक्य आलं. ते काढायला लावलं. मग त्यानं फार सुंदर लिहिलं. आई गाठोडं बांधतेय. मुलगी भूमितीचं पुस्तक लुगड्याच्या घडीत सरकवते आणि थोड्या वेळानं स्वतःच काढते.
“काय काढायलीस गं?”
“काय नाही. पिठाचा डबा बसंना गेलाय.”
द्वंद्व इथं दिसतं.

प्रेमचंदांची १९३३ची ‘ईदगाह’ याच नजरेनं वाचा. ईदच्या जत्रेत गेलेल्या छोट्या हमीदकडं तीन पैसे आहेत. सोबतच्या पोरांच्या खेळण्यांना तो नावं ठेवतो, मातीचीच तर आहेत, पडली की फुटतील म्हणतो, पण डोळे त्या खेळण्यांवरून हलत नाहीत. घडीभर हातात घ्यावंसं त्याला वाटतंच. ती ओढ आहे म्हणून आजीसाठी घेतलेल्या चिमट्याला वजन येतं. मोह न होणारा हमीद नुसता गुणी बाळ झाला असता.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. मुलींच्या कथांत त्याग केला की परिपक्वता आली, असं धरलं जातं. मुकाट्यानं शाळा सोडणारी मुलगी मोठी झाली की नुसती दबली, हे लिहिणाऱ्यानं स्वतःला विचारलं पाहिजे. आमच्या कथेतली मुलगी शेवटी फडावर जायला तयार होते. पण बापाशी कधी मान वर करून न बोललेली ती पोर त्या रात्री त्याच्यासमोर बसते आणि म्हणते, “म्या येते. पण परीक्षेच्या आधी मला गावात आणून सोडायचं. मुकादमाला आत्ताच सांगा.” ती मोठी होते ती या बोलण्यात. बाप काय म्हणाला, हे त्या विद्यार्थ्यानं लिहिलं नाही आणि मला ते पटलं.

कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ही जरूर वाचा. भाव पडल्यावर बाप आपलेच टोमॅटो तुडवतो आणि ते आपल्याला पोराच्या नजरेतून दिसतं.

वयाचं भान मात्र सोडू नका. चार-पाच वर्षांच्या हमीदला तव्यावर पोळणारी आजीची बोटं आठवतात. नववीतली पोरगी उचलीचा हिशेब करू शकते. सातवीतल्या मुलाच्या तोंडी ‘शोषण’ किंवा ‘व्यवस्था’ आली, तर ते शब्द तुमचे आहेत. तिथंच खोडा आणि त्या क्षणी त्याच्या हातात काय होतं ते लिहा.