एमडीएनच्या पानावरची चूक कशी दुरुस्त करावी

एखादी सीएसएस प्रॉपर्टी किंवा जावास्क्रिप्टची मेथड नीट आठवली नाही की आपल्यापैकी बहुतेक जण एमडीएन, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन संदर्भ, उघडतात. मोझिलाने २००५ साली नेटस्केपच्या जुन्या डॉक्युमेंटेशनच्या पायावर सुरू केलेला हा संदर्भ आज जगभरचे डेव्हलपर मिळून लिहितात. डिसेंबर २०२० पासून त्याचा सगळा मजकूर गिटहबवर, म्हणजे अनेकांनी मिळून फाइलींवर काम करण्याच्या साइटवर आहे, त्यामुळे कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. वाक्य नेमकं कुठे अडतं हे नुकत्याच अडलेल्या माणसाइतकं कुणाला कळत नाही. महिन्याभराने तेच वाक्य तुम्हालाही सोपं वाटू लागेल, म्हणून लगेच हात घाला.

आधी चूक खरोखर आहे ना, ते पाहा. समजा, जावास्क्रिप्टची सॉर्ट ही मेथड आकडे चढत्या क्रमाने लावते, असं कुठे वाचलंत. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे कोड चालवून पाहायची खिडकी, उघडून तिला ९, १०, १ हे आकडे द्या. उत्तर येतं १, १०, ९. तुलनेचं फंक्शन दिलं नाही तर सॉर्ट प्रत्येक आकड्याची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ करते, आणि स्ट्रिंग म्हणून ‘१०’ हे ‘९’च्या आधी येतं. हेच दुसऱ्या ब्राउझरमध्ये करून बघा, मग पानाच्या तळाशी दिलेल्या लिंकवरून स्पेसिफिकेशन, म्हणजे ती गोष्ट कशी चालायला हवी हे ठरवणारा अधिकृत दस्तऐवज, वाचा. ब्राउझर आणि स्पेसिफिकेशन यांचं जुळत नसेल तर मजकुराला हात लावू नका, गिटहबवर इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडून विचारा.

खात्री पटली की पानाच्या शेवटच्या लिंकवरून गिटहबवर जा. खातं लागतं. पेन्सिलीच्या खुणेवर क्लिक केलं की तुमच्या खात्यात प्रत तयार होते. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी करायच्या पद्धतीत असतो. चुकलेलं वाक्य तेवढं सुधारा. शेजारचा परिच्छेद आवडला नाही म्हणून तोही बदलायला घेतला की तपासणाऱ्याचं काम वाढतं आणि तुमची दुरुस्ती रेंगाळते.

आता पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुमचा बदल मूळ मजकुरात घ्या अशी विनंती. तिचं वर्णन मला दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं वाटतं. आधी काय लिहिलं होतं, ते का चुकीचं आहे, तुम्ही कोणत्या ब्राउझरमध्ये काय करून पाहिलंत, एवढं चार ओळींत लिहा. तपासणाऱ्यांनी बदल सुचवले तर नवी पुल रिक्वेस्ट न उघडता त्याच ठिकाणी करा. मजकूर मात्र स्वतःच्या शब्दांत हवा. तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली प्रसिद्ध होतो, त्यामुळे दुसरीकडून उचललेलं चालत नाही.

एका गोष्टीत नवे लोक हमखास अडकतात. कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीत काय चालतं, हे सांगणारा तक्ता पानाच्या फाइलमध्ये सापडतच नाही. ती माहिती ‘ब्राउझर-कॉम्पॅट-डेटा’ नावाच्या वेगळ्या रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या फाइलींच्या संग्रहात) जेसन या डेटा ठेवण्याच्या स्वरूपातल्या फाइलींमध्ये ठेवलेली असते. तक्त्यातली आवृत्ती चुकली असेल तर पुल रिक्वेस्ट तिकडे पाठवा.