रुग्णवाहिका येणार नाही असं धरून

मोठ्या भूकंपात जखमींवर उपचार कसे करायचे याची तयारी करताना यादी औषधांपासून नको, नकाशापासून सुरू करा. दाट वस्तीतल्या गल्ल्या ढिगाऱ्यानं बुजल्या की रुग्णवाहिका आत शिरत नाही. म्हणून जखमीला फळीवर टाकून दहा मिनिटांत चालत नेता येईल अशी मोकळी जागा प्रत्येक वस्तीसाठी ठरवा. वर विजेच्या तारा आणि शेजारी पडकी भिंत नको. दुसरी जागाही हवी, कारण पहिलीकडे जाणारा रस्ताच बंद झालेला असू शकतो.

मग रुग्णालय. मेक्सिको सिटीत १९८५ मध्ये हुआरेझ रुग्णालय कोसळलं, २००१ मध्ये भूजचं सरकारी रुग्णालय. तेव्हा इमारतीची तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून आजच करून घ्या. इमारत टिकली तरी काम चालेलच असं नाही. जपानमधल्या कोबेत १९९५ मध्ये पाणी तुटल्यानं उभी रुग्णालयंही अडली. टाकीत किती दिवसांचं पाणी, जनरेटरला किती तासांचं डिझेल, ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीनं बांधलेले आहेत का, हे बघा. लिफ्ट बंद धरा आणि वरच्या मजल्यावरचा रुग्ण खाली आणून दाखवायला सांगा. कागदावर हे नेहमीच जमतं.

दारावर आधी येतात ते किरकोळ जखमी, कारण ते चालू शकतात. गंभीर माणसं मागाहून, उचलून आणलेली. तोवर खाटा भरून गेलेल्या असतात. म्हणून टाके आणि मलमपट्टीची सोय फाटकाबाहेरच. फाटकावर एकच अनुभवी माणूस निवड करेल: श्वास मिनिटाला ३० च्या वर, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त वेळ, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी लाल चिठ्ठी, म्हणजे उपचार सगळ्यात आधी. काळी चिठ्ठी, म्हणजे मेलेला किंवा वाचवता न येणारा, ती बांधण्याचा सराव कुणालाच नको असतो, पण तोच आधी करावा लागतो.

ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसांच्या तयारीवर सगळ्यात जास्त वेळ खर्च करा. तासन्‌तास स्लॅबखाली असलेला माणूस बोलत असतो, स्लॅब उचलला जातो आणि थोड्याच वेळात तो दगावतो. चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडतं. त्यातून वाचला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यावर उपाय म्हणजे तो अडकलेला असतानाच शिरेतून नॉर्मल सलाईन, मोठ्या माणसाला सुरुवातीला ताशी साधारण १ लिटर. रिंगर लॅक्टेट हे दुसरं नेहमीचं सलाईन नको, त्यात पोटॅशियम असतं. हे अग्निशमन दलाच्या लोकांनाही ठाऊक हवं, नाहीतर सलाईन लागण्याआधीच ते घाईनं ओढून काढतील. तुर्कस्तानातल्या १९९९ च्या मार्मारा भूकंपानंतर मूत्रपिंडाचा त्रास झालेले ६३९ रुग्ण नोंदले गेले, त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं. शहराबाहेरच्या डायलिसिस केंद्रांची यादी आणि तिथं कुणी, कशानं न्यायचं हे आत्ताच ठरवून ठेवा.

शेजाऱ्यांना शिकवा: कोबेत जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. रक्तस्राव दाबून धरणं, मान न हलवता उचलणं, एवढं पुरे.

साठ्यात धनुर्वाताची लस, मोडलेलं हाड हलू नये म्हणून बांधायचे स्प्लिंट, डोक्याला लावायचे दिवे, आणि जाड मार्कर. पट्ट्या सगळ्या याद्यांत असतात, मार्कर नसतो. रक्त थांबवायला आवळपट्टी किती वाजता बांधली हे मग कपाळावर लिहिणार कशानं? कुलपाच्या किल्ल्या चालत येऊ शकणाऱ्या तिघांकडे द्या.