जुन्या विषाणूचं वय कसं काढायचं

मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेते. आमच्याकडे सिक्वेन्सर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणारं यंत्र, नाही; पण आपल्या डीएनएत शिरून बसलेल्या जुन्या विषाणूचं वय काढायच्या या प्रात्यक्षिकाला तो लागतही नाही. एक लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि तासभर सवड एवढ्यावर भागतं.

यूसीएससी जीनोम ब्राउझर ही डीएनए दाखवणारी वेबसाइट उघडा, माणसाच्या जीनोमची जीआरसीएच३८ आवृत्ती निवडा आणि ईआरव्हीडब्ल्यू-१ हे जनुकाचं नाव रोमन अक्षरांत टाका. सातव्या गुणसूत्रावर पोचाल. गर्भाला पोसणारी वार तयार होताना पेशींना एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन-१ हे प्रथिन इथून बनतं. हे जनुक मुळात रेट्रोव्हायरसच्या, म्हणजे पेशीच्या गुणसूत्रात स्वतःला घुसवणाऱ्या विषाणूच्या, आवरणाचं. कूळ म्हणून आलं आणि सातबाऱ्यावर नाव लावून बसलं.

आता रिपीटमास्करची, म्हणजे जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दाखवणारी, पट्टी पूर्ण उघडा. मधे एचईआरव्ही१७ हा विषाणूचा मधला भाग आणि दोन्ही टोकांना एलटीआर१७ ही त्याची टोकं दिसतील. आपल्याला हवीत ती टोकं. रेट्रोव्हायरस आरएनएवरून डीएनए करतो तेव्हा दोन्ही टोकं एकाच साच्यातून निघतात, त्यामुळे गुणसूत्रात शिरताना त्यांच्यात एका अक्षराचाही फरक नसतो. शिरकाव अंडपेशी किंवा शुक्राणू देणाऱ्या पेशींत झाला, तरच तो पुढच्या पिढीत उतरतो. पेशी त्याला मिथाइलचं (डीएनएच्या अक्षरांना चिकटणाऱ्या रासायनिक गटाचं) कुलूप घालते, तो निपचित पडतो, आणि मग दोन्ही टोकांत आपापल्या चुका साठत जातात.

दोन्ही टोकांवर क्लिक करून त्यांचा डीएनए उतरवून घ्या. एक टोक तुकड्यांत दाखवलं असेल तर तुकडे क्रमाने जोडा. डीएनएला दोन धागे असतात, दोन्ही टोकं एकाच धाग्यावरून घ्या हं! पहिल्या वर्षी मी एक उलटं घेतलं आणि वर्गासमोर दोघांत काहीच साम्य नाही असं ठासून सांगितलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, दुसरं उलटं वाचून बघू का?’’

एम्बॉस नीडल या दोन क्रम जुळवणाऱ्या साधनात दोन्ही टोकं जुळवा आणि न जुळणारी अक्षरं मोजा. रिकाम्या जागा सोडून द्या. सी या अक्षरापाठोपाठ जी येतो त्या जागाही वगळा, कारण मिथाइलमुळे तिथे बदल फार भराभर होतात. समजा फरक १०% निघाला. माणसाच्या वंशात एका जागी वर्षाला साधारण २.२ × १०⁻⁹ बदल धरतात आणि टोकं दोन आहेत, म्हणून ०.१० ला ४.४ × १०⁻⁹ ने भागा. उत्तर साधारण २ कोटी २७ लाख वर्षं.

मुलं इथे वही मिटतात. मी मिटू देत नाही. तीच जागा चिंपांझी आणि गोरिलात बघा, तिथे हा पाहुणा आहेच. मग ऱ्हीसस माकडात बघा. तिथेही त्याचे अवशेष सापडतात, फक्त जनुक निकामी झालेलं आहे. माकडं आणि एप (चिंपांझी, गोरिला, माणूस यांचं कूळ) यांच्या वाटा अडीच कोटी वर्षांहून आधी फुटल्या. पाहुणा दोघांत एकाच जागी आहे, म्हणजे तो त्याआधीच आला आणि आपण धरलेल्या १०%वरचं उत्तर कमी पडतं. असं घडू शकतं, कारण एक टोक कधीकधी दुसऱ्याची नक्कल करून फरक पुसून टाकतं. भागाकार आणि माकड यांचं पटलं नाही, तर मी माकडाचं ऐकते.

घरचा अभ्यास म्हणून एकटं पडलेलं एलटीआर१७ शोधायला सांगते. तिथे दोन टोकं एकमेकांशी जुळून मधला भाग गळून गेलेला असतो. त्याचं वय या रीतीने काढत बसू नका, जोडीदारच उरलेला नाही.