जोडीने माउंटन बाइकची अनेक दिवसांची शर्यत: तयारीची यादी

सगळ्यात आधी नियमांची पुस्तिका, दोघांनी, प्रत्येक पान. जोडीच्या शर्यतीत वेळ धरली जाते ती मागच्याने रेषा ओलांडल्यावरच, आणि वाटेतही दोघांनी किती जवळ राहायचं हे ठरलेलं असतं. 2004 पासून दक्षिण आफ्रिकेत होणाऱ्या केप एपिकमध्ये ही मर्यादा दोन मिनिटांची आहे. वेळ नोंदवण्याच्या जागी त्याहून जास्त अंतर दिसलं की दंड बसतो. पुस्तिकेत आणखी चार गोष्टी शोधा: सक्तीचं सामान कोणतं, बाहेरच्याची मदत कुठे चालते, रोजची वेळमर्यादा किती, आणि एकाने शर्यत सोडली तर उरलेल्याचं काय होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जोड्यांना पाचव्या दिवशी कळतं आणि मग वाद होतात.

आता आकडेमोड. तासाभराच्या चढाला एकजण 5 टक्के हळू असला तर माथ्यावर तीन मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे इतक्या किरकोळ फरकानेही दोन मिनिटांची मर्यादा मोडते. म्हणून जोडीदार निवडताना सपाटीवरचा वेग बघू नका, लांब चढाची वेळ आणि उतारावरचा हात बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांचं उद्दिष्ट एक हवं. एकाला वरचा क्रमांक हवा आणि दुसऱ्याला फक्त पूर्ण करायची असेल, तर कितीही सराव करून ती जोडी जमत नाही. हे महिनोन्महिने आधी स्पष्ट बोलून घ्या, भिडेखातर गप्प राहू नका.

सरावाबद्दल थोडक्यात: चार-पाच महिने हवेत. पाय तयार होतात ते लागोपाठच्या दिवसांनी, एकट्या लांब रविवाराने नव्हे. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी सलग तीन किंवा चार दिवस, रोज चार-पाच तास, एकत्र आणि शर्यतीचंच सामान, शर्यतीचंच खाणं घेऊन चालवा. शेवटचे दहा दिवस अंतर कमी करा, पण अधूनमधून जोराचे छोटे चढ राहू द्या.

एकत्र चालवताना ठरवायचं ते असं. चढावर हळू असणारा पुढे, निदान अर्धं चाक पुढे, वेग त्याचा. ताकदीचा गडी पुढे गेला की नकळत दामटतो आणि मागच्याची पहिल्याच तासात दमछाक होते. वाऱ्यात आणि सपाट कच्च्या रस्त्यावर ताकदीचा पुढे, दुसरा त्याच्या आडोशाला. उतारावर चांगला उतरणारा पुढे, पण प्रत्येक मोठ्या वळणानंतर मागे कान. हाका आधीच ठरवून ठेवा: एक "हळू", एक "थांब", एक "पंक्चर". दमलेल्या माणसाला लांब वाक्यं ऐकू येत नाहीत.

सायकलींच्या बाबतीत नियम एकच: दोन सायकली जितक्या सारख्या, तितकं ओझं कमी. चाकांचा आकार, व्हॉल्व्ह, चेनचे स्पीड (मागच्या गिअरची संख्या), ब्रेक पॅडचा आकार आणि बुटांची क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) सारखी असेल तर सुट्या भागांचा एकच संच दोघांना पुरतो. बारा स्पीडच्या चेनला बारा स्पीडचंच क्विक लिंक (चेन जोडणारी कडी) लागतं, अकराचं चालत नाही. ब्रेकमधलं तेलही बघा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेकचं तेल) गेलं की आतली सीलं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा) मात्र बहुतेक फ्रेमचा वेगळाच असतो, म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा एक जादा. हाच तुकडा सगळ्यात सहज वाकतो आणि वाटेत दुसरीकडून मिळत नाही.

चेन मोजमापकाने तपासा, 0.5 टक्के ताणली असेल तर शर्यतीआधी बदला, पण आदल्या दिवशी नको. जुन्या कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे) दाते जुन्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, त्यामुळे नवी चेन जोर लावला की उडी मारते. ते दोन-तीनशे किलोमीटर आधी कळलं तर कॅसेट बदलता येते. ब्रेक पॅड प्रत्येक सायकलमागे दोन जादा जोड्या न्या, चिखलाची शक्यता असेल तर सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे). ऑरगॅनिक (मऊ, राळेचे) पॅड ओल्या रेतीत एका दिवसात संपू शकतात. नवे पॅड वीसेक वेळा मध्यम वेगावरून ब्रेक लावून बसवून घ्या, नाहीतर ते चकाकतात आणि धरत नाहीत. सायकल खोक्यात भरताना कॅलिपरमध्ये (ब्रेकच्या पॅड धरणाऱ्या भागात) पॅडचा स्पेसर घाला. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबलं गेलं तर पिस्टन बाहेर येऊन अडकतात.

टायर ट्यूबलेसच. प्रत्येक 29 इंची चाकात सुमारे 100 मिलिलिटर ताजं सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव). जुनं दोन-तीन महिन्यांत सुकतं, वरून हलवून बघा, आवाज नसेल तर संपलंय. व्हॉल्व्हची नटं घरीच सैल करून पुन्हा हाताने घट्ट करा. पक्कडीने आवळलेलं नट रानात हाताने निघत नाही.

पंक्चरचा क्रमही पाठ हवा. भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंटला अर्धा मिनिट द्या. थांबलं नाही तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी), लागला तर दुसरा प्लग. टायर चिरलं असेल तर आतून टायर बूट (चिरेवर लावायचं ठिगळ) आणि ट्यूब. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आत बोट फिरवणं विसरू नका. ट्यूबलेस टायरमध्ये आधीच घुसलेले आणि सीलंटने बुजलेले काटे असतात. ते आतून टोक काढून बसलेले असतात आणि नवी ट्यूब दोन मिनिटांत फोडतात. बोटाला लागेल तो प्रत्येक काटा ओढून काढा. सीओटूने (कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळीने) हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, कारण गार वायूने सीलंटमधल्या लॅटेक्सच्या गुठळ्या होतात. सीओटू रबरातून लवकर झिरपतो, म्हणून संध्याकाळी पंपाने पुन्हा हवा भरा. विमानाने जात असाल तर सीओटूच्या नळ्यांबद्दल विमान कंपनीला आधी विचारा किंवा तिथेच घ्या. कामं वाटून घ्या: एक चाक काढतो, दुसरा तोवर ट्यूब जरा फुगवून तयार ठेवतो. घरी अंगणात पाच-सहा वेळा घड्याळ लावून करा.

सामान वाटताना होणारी नेहमीची चूक म्हणजे सगळी अवजारं ताकदीच्या गड्याकडे. पंक्चर मागच्याचं होतं आणि अवजारं पुढे निघून जातात. म्हणून प्लग, मल्टिटूल, एक सीओटू आणि एक ट्यूब दोघांकडेही. जड ते, म्हणजे पंप, चेन टूल, टायर बूट, क्विक लिंक, ब्रेक पॅड आणि झिप टाय, ताकदीच्याकडे. टी-25 टॉर्क्सची चावी मल्टिटूलमध्ये आहे ना, बघा. रोटरचे (ब्रेकच्या तबकडीचे) बोल्ट बहुतेक तिनेच निघतात. हँगर ज्याचा त्याने.

खाण्याचं गणित सोपं, पाळणं कठीण. तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पाच तासांच्या टप्प्याला 300 ते 450 ग्रॅम. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळून असतील तरच वरचा आकडा पचतो, आणि पोटालाही काही आठवडे त्याची सवय लावावी लागते. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात अधिक, मिठासह. दोघांच्या घड्याळात वीस मिनिटांचा गजर लावा आणि एकत्रच खा. भूक लागल्यावर खाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. जो आधी चिडचिड करू लागतो त्याचं साखरेचं पाणी कमी पडलंय असं समजा. भांडायच्या आधी जेल (साखरेचं घट्ट खाणं) हातात द्या. बाटलीच्या तोंडाला झाकण हवं, कारण वाटेतल्या शेणाचे शिंतोडे तोंडावरच येतात आणि तळावर (रोजच्या मुक्कामावर) पोटाचे विकार त्याच वाटेने पसरतात. एकमेकांच्या बाटल्या कधीच नाही.

बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी) दिवसाला एक धुतलेली, निदान तीन-चार जोड्या. शर्यत संपली की पंधरा मिनिटांत ओले कपडे बदला, जागा धुऊन कोरडी करा. सीट, बूट, मोजे यांतलं काहीच शर्यतीसाठी नवं घेऊ नका. दुखतंय म्हणून घामाघूम अवस्थेत आयबुप्रोफेन घेऊ नका, मूत्रपिंडांवर ताण येतो.

टप्पा संपल्यावरची कामं क्रमाने लावून ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात खाणं: किलोमागे ग्रॅमभर कर्बोदकं आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं. मग एकजण सायकली धुतो, दुसरा आंघोळ करतो, नंतर अदलाबदल. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ग्रीस धुऊन जातं. चेन पुसून वाळवून तेल, जादाचं पुसून टाका. नंतर बोल्ट हाताने तपासा, चाकं उचलून फिरवून रोटर आणि स्पोक बघा, टायरला चिरा, पॅडची जाडी. हे सगळं वीस मिनिटांचं काम आहे, पण झोपण्याआधी. अंधारात पॅड संपलेलं कळलं तर दुकान बंद असतं.

तळावर झोप मिळवण्यासाठी कानात बोळे, डोक्याचा दिवा, उशी. दुसऱ्या दिवसाचे कपडे, बाटल्या आणि खिशातलं खाणं रात्रीच मांडून ठेवा. सकाळी हवेचा दाब स्वतःच्या मापकाने बघा, कारण मापकामापकात फरक असतो आणि रोज तोच आकडा हवा. नंबरची पाटी आणि वेळेची चिप दोघांनी एकमेकांची बघावी.