पाँटून बोट घेताना: 58 सेंटीमीटर की 63?

पाँटून म्हणजे पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी, सपाट डेकची बोट. ती हतनूर किंवा गिरणा धरणात घालायची तर जलसंपदा विभागाची परवानगी आणि बोटीची नोंदणी आधी. ते जमत नसेल तर बोट बघायलाही जाऊ नका.

समजा दोन बोटी मनात भरल्यात. दोन्ही 6 मीटर लांब, खाली अ‍ॅल्युमिनियमची दोन-दोन नळकांडी, आसनं तेवढीच, किमतीतही फारसा फरक नाही. विकणारा सोफ्याचं रेक्झिन आणि स्पीकर दाखवत बसेल. ते उद्या बदलता येतं, नळकांडी नाही. टेप तिथे लावा.

एकीचा व्यास 58 सेंटीमीटर, दुसरीचा 63 निघाला तर “पाच सेंटीमीटरनं काय होतंय?” हे हमखास ऐकायला मिळतं. बरंच होतं. 58चं नळकांडं मीटरमागे साधारण 264 लिटर पाणी बाजूला सारतं, 63चं 312. भरलेल्या बोटीची नळकांडी निम्म्याहून जास्त बुडता कामा नयेत, म्हणून हिशेब अर्ध्याचाच धरायचा. पहिली बोट 1,585 किलो पेलते, दुसरी 1,870. त्यातून डेक, आसनं, छत, इंजिन, पेट्रोल मिळून 900 धरले, तर उरले 685 आणि 970. टोकं निमुळती असतात, म्हणजे खरे आकडे याहून थोडे कमीच. आता दहा माणसांचे 700 किलो, वर भरिताचं पातेलं, कळण्याच्या भाकरी, पाण्याचे दोन जार. पहिली बोट काठावरच संपली! पाटीवर ‘10 माणसे’ लिहिलेलं असलं तरी.

हे झालं कागदावरचं. पाण्यात उतरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. लाइफ जॅकेट घातलेली सहा माणसं मागच्या एकाच कोपऱ्यात उभी करा. हिवाळ्यात पाणपक्ष्यांचा थवा उठला की घरचे सगळे असेच एका कठड्याला धावतात. पाणी डेकखालच्या आडव्या पट्ट्यांना लागलं, तर ती बोट सोडा.

मग गळती. नळकांड्यात आडव्या भिंतींचे कप्पे असतात. तीनपेक्षा कमी असतील तर नको. वाल्वमधून 2 पीएसआय (टायरच्या हवेसाठी वापरतात तेच दाबाचं माप) हवा भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतात. हे काम सकाळीच. मे महिन्याच्या उन्हात धातू तापला की आतली हवा फुगते, काटा आपोआप 3च्या वर जातो आणि हळू गळणारा कप्पाही धडधाकट वाटतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर जोडूच नका. टायरएवढ्या दाबानं वेल्डिंग उकलतं.

जॅकेट माणशी एक, मुलांच्या मापाची वेगळी.

ट्रायल मात्र दुपारी, वारा सुटल्यावर घ्या. छत लावलेली पाँटून वारा शिडासारखा धरते. वाऱ्याच्या तोंडावर, अर्ध्या थ्रॉटलला बोट किनाऱ्याकडे सरकायला हवी. पूर्ण पिळूनही जागेवरच घुटमळत असेल तर इंजिन कमी पडतंय. “मोठं बसवून देतो” म्हणाला, तर आधी बोटीच्या पाटीवर कमाल किती हॉर्सपॉवर लिहिलीय ते वाचा.